जड चुना

दुपारचे अडीच वाजले होते. भांडी पालथी घालून मी भिंतीला जरा टेकले होते, आणि समोर फरशीवर मांडी घालून बसलेल्या दानूनं डाव्या तळहातावर उजवा अंगठा चोळायला सुरुवात केली. तीन वर्षांची माझी पोरगी, तेल लावून बांधलेल्या दोन शेंड्या, आणि अंगठा मात्र एखाद्या म्हाताऱ्याचा असावा तसा सराईत, गोल गोल फिरणारा. मग चार बोटांनी त्या रिकाम्या तळव्यावर थाप, थाप, मग एक फुंकर, मग चिमूट करून ती खालच्या ओठामागं. मला हसू आलं. "कुणी गं शिकवलं हे?" "मावशीनं. मावशीचा मालक असं करायचा." मावशी म्हणजे पाळणाघरातली शालूबाई, दिवाळीनंतर नवीन लागलेली, दानू तिच्याच हातचा भात खाते. मी हसतच होते. "आनि मावशीकडं डबी हाय. पिवळी. दोनी बाजूनं झाकन. आत खडीसाखर हाय, खुळखुळ वाजती." माझं हसू कुठं गेलं ते मला कळलं नाही. दोन झाकणांची डबी, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, ही आमच्या भागात कुणाच्याही खिशात असते. पण चुना वाळला तर त्याची भुकटी होते, पापुद्रे होतात. तो खडीसाखरेसारखा कधीच दिसत नाही. "तू खाल्लीस?" दानूनं माझ्याकडं पाहिलं, तिला खेळ सापडला होता. तिनं पुन्हा तळवा चोळला, पुन्हा चिमूट केली, आणि ती ओठामागं सरकवायच्या आत माझा हात तिच्या गालावर बसला.

असा आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. ती रडली नाही. आधी नुसती पाहत राहिली, जणू कुणी तिसऱ्यानं मारलं असावं आणि आम्ही दोघींनी मिळून त्याला शोधायचं असावं. गालावर माझी चार बोटं एकेक करून उगवत होती. मी तिला आडवी पाडली, गुडघ्यात धरली, तोंड उघडलं, पदराचं टोक जिभेवरून, हिरड्यांवरून घासलं, आणि घशात बोट घातलं. ती ओकली. दुपारचा वरणभात माझ्या मांडीवर आला, त्यात मी खडे शोधले. "न्हाई खाल्ली," ती आता किंचाळत होती, "मावशी देत न्हाई, नुसती वाजवायची असती!" तरी माझा विश्वास बसेना. मी माझं बोट तिच्या मुठीत दिलं. "दाब. जोरात दाब. अजून जोरात." तिनं हुंदके देत माझं बोट दाबलं, तिची सगळी ताकद माझ्या एका बोटावर आली, आणि मग मी तिला छातीशी घेतलं. तिच्या शेंड्यांचा खोबरेल वास आणि ओकारीचा आंबट वास एकात एक. मी डुलत होते, दानू माझी, चिमणी माझी, असं काहीतरी बडबडत होते, आणि माझा उजवा हात त्या थपडेनं अजून गरम होता. त्या विषात हातातली ताकद जाते. मूठ वळत नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

दोन हजार तीनचा मे महिना. मी एम.एस्सी. होऊन साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागून दहा महिने झाले होते, लग्नाला सात, आणि दानू माझ्या पोटात होती, दोन महिन्यांची, अजून कुणाला न सांगितलेली. उसाचा हंगाम संपला होता. संचालक मंडळ परदेश पाहून आलं होतं आणि तिथून बीट घेऊन आलं होतं: बी आधी, मग चार एकरांचा प्लॉट, मग मार्चपासून ट्रॉल्यांमधून येणारे ते मातकट, पांढरट, माणसाच्या डोक्याएवढे कंद. उसाचा वास उघडा असतो, उन्हातला. बिटाचा वास ओल्या खड्ड्यातला. इंगवले साहेब, आमचे चीफ केमिस्ट, यांना त्या बिटाच्या मळीतली साखर काढून दाखवायची होती. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा, चिकट पाक; त्यात जवळपास निम्मी साखरच असते, पण ती दाणा धरत नाही. कितीही उकळा, कितीही थंड करा, ती त्या काळोखात बसून राहते. तिला बाहेर काढायचं तर दमदाटी लागते. चुनकळीची पूड वापरता येते, स्ट्रॉन्शियम वापरता येतं, बेरियम वापरता येतं. साहेबांनी बेरियम निवडलं. ऊन मळीत बेरियम हायड्रॉक्साइड ओतलं की ते साखरेच्या मानगुटीला बसतं, दोघांचा मिळून घट्ट गोळा होतो आणि तळाला जातो. तो गाळायचा, पिळायचा, धुवायचा. मग त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा. तो वायू बेरियमला खेचून नेतो आणि साखर मोकळी होते, पाण्यात एकटी, उघडी. मला तेव्हा ही प्रक्रिया सुंदर वाटायची. वहीत मी तिचं चित्र काढलं होतं, बाण वगैरे. धरणं, पिळणं, खेचणं, हे शब्द मीच लिहिले होते आणि त्यांतलं काही मला टोचलं नव्हतं.

बेरियमचे डबे आले तेव्हा ते उतरवून घ्यायला कृष्णात होता. तो चुन्याच्या कुंडीवरचा माणूस. हंगामभर रसात घालायला चुन्याचं दूध कालवायचं त्याचं काम. चाळिशीचा, हाताची कातडी चुन्यानं फुटून शेतातल्या भेगांसारखी झालेली, कानात भिकबाळी. कारखान्यात चुना विकत घेणाऱ्याला खुळा समजत. वॉचमनपासून साखर शिजवायच्या पॅनवरच्या मिस्त्रीपर्यंत सगळे कृष्णातच्या कुंडीतूनच डबी भरून घ्यायचे, तोही मोठ्या मनानं भरून द्यायचा, "घ्या पावणं, सहकारी चुना हाय," म्हणायचा. त्या दिवशी मी एका हातात नोंदवही, दुसऱ्या हातात थर्मामीटर, आणि घशाशी सारखं मळमळणारं काहीतरी घेऊन उभी होते. त्यानं डब्याचं झाकण काढलं, आत वाकून पाहिलं.

"बाईसाहेब, ह्यो कसला चुना वो? वर कवटी काढलीया."

"चुनाच समजा," मी म्हणाले. "जड चुना आहे. साखरेला धरतो."

"आमचा बी धरतोय की. कचरा धरतोय."

"हा कचरा सोडतो आणि साखर धरतो."

तो खो खो हसला. "मग ह्यो सायबलोकांचा चुना म्हना की!"

मीही हसले. लॅबमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं, सगळे हसले, साहेबसुद्धा. त्या दिवसापासून बेरियमचं नाव जड चुना पडलं. माझ्या एका शब्दाचं बारसं झालं याचा मला आनंद झाला होता. कवटीचं काय, हे सांगायला मी विसरले नव्हते. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. इंग्रजीत लिहिलेलं होतं, तेवढं पुरेसं होतं. माणूस नवीन पांढरं काही पाहिलं की आधी तळव्यावर घेतो, बोटानं चोळतो, हे मी रोज पाहत होते. उसाच्या हंगामानंतर कृष्णातची कुंडी कोरडी पडलेली असते, डबीतला चुना संपलेला असतो, आणि चुना विकत घेणं त्याच्या जातीत नसतं, हेही मला माहीत होतं. फक्त या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींजवळ आल्या नाहीत.

दानूचं तोंड धुतलं, फ्रॉक बदलला, तिला कडेवर घेतली आणि पाळणाघराकडं निघाले. राजारामपुरीतल्या गल्ल्या त्या वेळी झोपलेल्या असतात. दानूनं माझ्या खांद्यावर तोच गाल टेकला होता आणि मधूनमधून एक उरलेला हुंदका तिच्या अंगातून माझ्या अंगात शिरत होता. शालूबाई आहे म्हणजे तीच शालूबाई कशी असेल, मी स्वतःला सांगत होते. या जिल्ह्यात किती शालूबाई, किती पितळी डब्या. कृष्णातच्या बायकोचं नावही शालूच होतं, पण तिचं तोंड मी नीट पाहिलंही नव्हतं. कृष्णातला नेलं त्या दवाखान्यात ती आली तेव्हा मी बाकावर खाली मान घालून बसले होते; मला दिसली होती तिची पावलं, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी.

पाळणाघरात सात-आठ पोरं सतरंजीवर वेडीवाकडी झोपली होती आणि शालूबाई एका रडक्या बाळाला मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. माझ्याहून पाच-दहा वर्षांनी मोठी, कपाळ मोकळं, दंड कामाचे. दानूला बघून तिचा चेहरा फुलला. "आगं माझी राणी! आत्ताच तर गेलतीस, लगीच आलीस व्हय? करमंना मावशीबिगर?" मग तिला गाल दिसला. ती उठली, बाळ खांद्यावर टाकलं आणि सरळ माझ्यासमोर आली. "कुनी मारलं हिला?" "मी." "हात मोडला न्हाय तुमचा?" तिनं विचारलं, आणि ते विचारताना ती मला मावशी म्हणून नाही, दानूची माणूस म्हणून विचारत होती. "काय केलतं एवढ्या जिवानं?" "तंबाखू मळायला शिकलीय." शालूबाई लाजून हसली. "ते व्हय. आमच्या मालकाची नक्कल हो. पोरं जेवत न्हाईत, मग करून दावतो मी. मी काय खात न्हाय, देवाशप्पत." आणि तिनं कमरेला खोवलेल्या पिशवीतून ती डबी काढून रडणाऱ्या बाळाच्या कानाशी वाजवली. खुळ, खुळ, खुळ. बाळ थांबलं. "किती छान वाजते," मी म्हणाले. "उघडते का?" "तंबाकूची बाजू उघडती. ही चुन्याची घट्ट बसलीया, परवा जरा ढिल्ली झाली तवा पोरींनी आत बघितलं. खडीसाखर म्हनत्यात. मालक जाऊन चार वर्सं व्हत आली मेमधी, तवापास्नं तशीच हाय. कारखान्यात व्हता. दारूनं गेला," ती म्हणाली, अगदी सरळ, जसं आपण आडनाव सांगतो. "आयुष्यभर थेंब घेतला न्हाय आनि एकदाच घेतला, त्यात गेला. गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाय. दीर म्हनला, बेवड्याची बायकू घरात नको. म्हनून हितं आलो."

माझ्या आत कुणीतरी ओरडत होतं, आणि बाहेर मी म्हणाले, "अगंबाई." एवढंच. मग एक पोरगं उठून ओलं झालेलं दाखवायला लागलं, शालूबाई त्याला धुवायला मोरीत गेली, डबी सतरंजीवर बाळाच्या पायाशी राहिली. मी ती उचलली आणि पर्समध्ये टाकली. दानू बघत होती. मी तिच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. तिनंही ठेवलं.

परत येताना डबी पर्समध्ये वाजत होती. पंचगंगा घाटाकडं जाणारी रिक्षा केली असती तर वीस मिनिटांत सगळं संपलं असतं. पोरांच्या तोंडाजवळून विष निघालं असतं, आणि कृष्णात दारूनं गेला नाही याचा जगातला शेवटचा पुरावाही. दोन्ही एकाच हातानं, एकाच फेकीत. मी रिक्षा थांबवलीही, आणि रिक्षावाल्यानं "कुठं वैनी?" विचारल्यावर घराचा पत्ता सांगितला. त्या दिवशीची जीप मला आठवत होती. सकाळी नऊला, पाय ओढत कामावर आलेला कृष्णात कुंडीजवळ पडला. आधी ओकला, मग पाय गेले, मग हात. आम्ही धावलो तेव्हा तो भिंतीला टेकवलेल्या पोत्यासारखा होता, जीभ जड, शब्द चिखलातून येत होते. आणि डोळे लख्ख. ते विष शुद्ध घालवत नाही. माणूस आत पूर्ण जागा असतो आणि अंग एकेक दार लावून घेतं. त्याच्या खिशातून डबी पडून उघडली होती. पांढरे, चकचकीत स्फटिक. मला कळलं. मला कळलंय हे इंगवले साहेबांना कळलं. त्यांनी वाकून डबीचं झाकण तळव्यानं दाबून बसवलं, इतकं जोरात की त्यांचा अंगठा पांढरा पडला, आणि डबी कृष्णातच्याच खिशात परत ठेवली. जीपमध्ये ते पुढं बसले, मी मागं, कृष्णातचं डोकं दुसऱ्या एकाच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्यात ते डोकं आपटायचं आणि त्याला ते सावरता यायचं नाही. साहेब मागं न वळता म्हणाले, "रक्षिता, त्याला काय सांगितलंस ते मी ऐकलंय हां. चुनाच समजा, म्हणालीस. मी कुणाला बोलणार नाही."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं यानं. साहेब म्हणाले, गावठी दारू. डॉक्टर तरुण होते, त्यांना पटलं नसावं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं: "मॅडम, तुम्ही सांगा. कारखान्यातलं काही?" चार अक्षरं होती. बेरियम. ते कळलं असतं तर साधं रेचक मीठ पाजून निदान पोटातलं तरी विष तिथंच गोठवता आलं असतं, शिरेतून पोटॅशियम देता आलं असतं. मला सगळं पाठ होतं, परीक्षेत मी ते उत्तर लिहिलं होतं. मी तोंड उघडलं आणि ओकले. दानू होती ती, माझ्या पोटात, तिचा तिथला पहिला जाहीर शब्द. मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. ओकणारी बाई म्हणून मी सुटले. पण ओकारी दोन मिनिटांत संपते. त्यानंतर चार तास मी त्या बाकावर बसले होते, तोंड पुसलेलं, कोरडं, रिकामं. दाराच्या फटीतून त्याचा एक डोळा मला दिसत होता आणि तो डोळा मला ओळखत होता.

घरी आल्यावर मी डबी ओट्यावर ठेवली. दानू झोपली. चमच्याच्या टोकानं झाकण उचकटलं. बेरियम हवेत राहून मळकट, अपारदर्शक झालेलं, पण कडा अजून स्फटिकाच्या. तरी मला खात्री नको होती. चार वर्षांत कुणीतरी साफ केली असेल, त्यात खरंच खडीसाखर भरली असेल. माझ्या नवऱ्याचं, अमरेशचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे उद्यमनगरात, त्याच्या पेटीत निक्रोमची तार होती. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ती बुडवली, खड्यावर टेकवली, गॅसच्या निळ्या ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली, बेरियमचीच. कोवळ्या पोपटाच्या पिसासारखी, इतकी लोभस की मी तार काढायची विसरले. मागून अमरेशचा आवाज आला, "काय जाळतीस?" तो चार वाजता चहाला येतो. त्याला मी तिथंच, गॅस चालू ठेवून, सगळं सांगितलं. लग्नाच्या चार वर्षांत पहिल्यांदा. तो भला माणूस आहे. त्यानं आधी गॅस बंद केला, मग मला धरलं, मग म्हणाला, "तू मारलं न्हाईस त्याला. पोटुशी होतीस. आता नदीत टाक ते आणि मोकळी हो. पोरीचं बघ. त्या बाईला सांगून तिचा नवरा परत येणार हाय का?" त्याचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता आणि मला तो हात हवा होता, फार हवा होता. मी मानही हलवली असेन.

तेवढ्यात दार वाजलं. वाजलं म्हणजे कुणीतरी ते दोन्ही मुठींनी बडवत होतं. शालूबाई. धावत आलेली, केस सुटलेले. "माझी डबी! वैनी, तुमी आल्यावर व्हती, गेल्यावर न्हाय. सगळी सतरंजी झाडलो. तुमच्या पोरीनं उचलली आसंल, लहान हाय, मी काय म्हनत न्हाय, पर द्या माझी." अमरेशनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुढं झाला. "हां मावशी, दानूनंच आणली वाटतं. चुकलं. खेळता खेळता बाहेर कुठं टाकली बघा, मी शोधतो, नवीन घेऊन देतो, ह्याच्याहून भारी." आवाजानं जागी होऊन दानू दारात आली होती. "मी न्हाई घेतली," ती म्हणाली. "खोटं बोलायचं नाही," अमरेश म्हणाला, आणि ते खरं वाटावं म्हणून त्यानं हात उगारला. दानूनं अंग चोरलं. दुपारपर्यंत या घरात उगारलेल्या हाताखाली अंग चोरायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. एका दिवसात शिकली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि मग, माझ्यासाठी, आपल्या ओठांवर बोट ठेवलं.

"मी घेतली," मी म्हणाले. "मावशी, आत या."

मी गॅस पेटवला. अमरेशच्या पानाच्या पुडीतला चुना घेतला, तारेवर धरला. "हा साधा चुना. बघा, ज्योत विटेसारखी तांबडी." मग तार स्वच्छ करून डबीतला खडा. "हा तुमच्या मालकांच्या डबीतला." हिरवी ज्योत तिच्या चेहऱ्यावर पडली. मी सांगत गेले. माझा आवाज लॅबमधला झाला होता, सपाट, आणि तो मला बदलता येईना. बीट, मळी, जड चुना, कवटी. चुनाच समजा असं मी म्हणाले. दोन दिवस त्यांनी हे तंबाखूत खाल्लं. डॉक्टरांनी मला विचारलं. मी बोलले नाही. "ते दारू प्यायले नव्हते, मावशी. एक थेंबही नाही."

तिनं मला मारावं म्हणून मी उभी होते. डोळे मिटले नव्हते. तिनं मारलंही. पहिली थप्पड कानावर बसली, दुसरी तोंडावर, ओठ दातात सापडून फुटला, मग तिनं केस धरून माझं डोकं ओट्याच्या कडेवर खाली ओढलं. अमरेश धावला, मी हातानं त्याला थांबवलं. दानू किंचाळत शालूबाईच्या मांडीला चावली. त्या चाव्यानं ती थांबली. माझे केस सोडून तिनं आपल्याच हातांकडं पाहिलं, दोन्ही बाजूंनी, उलटे-सुलटे. मग ती खाली बसली.

"आदल्या दिशी सांजच्याला घरी आला," ती म्हणाली, माझ्याशी नाही. "झोकांड्या खात. दारात वकला. जीभ बोबडी. मी म्हनलो, हे बी बघायचं व्हतं व्हय नशिबात. तो म्हनत व्हता, शाले, प्यालो न्हाय गं, पाय येईनात. प्यालो न्हाय गं. मी चप्पल काढलो पायातली. तोंडावर मारलो. लई मारलो वैनी. हात वर करून अडवीना, तवा मला वाटलं गुन्हा कबूल हाय. त्येला हात उचलता येत नव्हतं व्हय?"

मला उत्तर माहीत होतं. आज ते द्यायला मला एक क्षणही उशीर करायचा नव्हता, आणि ते देणं म्हणजे तिला ठार मारणं होतं. "नव्हतं येत," मी म्हणाले. "पण कळत सगळं होतं."

ती रडली नाही. तोंडातून एक आवाज आला, जनावराच्या पोटातून येतो तसा, आणि तिनं कपाळ फरशीवर आपटलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी माझा तळहात मध्ये घातला. तिचं कपाळ माझ्या हातावर आलं. हाड हाडावर. कळ खांद्यापर्यंत गेली, मी हात काढला नाही. दानू भिंतीपाशी अंगठा चोखत उभी होती. शालूबाईनं मान वर केली, पदरानं आधी स्वतःचं फुटलेलं कपाळ पुसलं, मग त्याच पदरानं माझ्या ओठाचं रक्त.

"उद्या सकाळी गावाकडं यायचं माझ्यासंगट," ती म्हणाली. "चावडीत. दिराम्होरं, समद्यांम्होरं बोलायचं. त्यो सायब, त्याचं नाव सुदीक. असंच, आग दावून."

"ही कुठं न्हाई येणार," अमरेश म्हणाला. "पोलिस केस होईल मावशी, पोरगी लहान हाय."

"व्हऊ दे की," शालूबाई म्हणाली. "तुमची झाल्यावर मग मी माझं सांगनार हाय. त्यो प्यालेला नव्हता आनि मी त्याला मारलो. त्ये कोन सांगनार, तुमी?"

तिच्या पदरावर आमच्या दोघींचं रक्त होतं, कुठलं कुणाचं ते ओळखू येत नव्हतं. मी विचारलं, "पहिली एस.टी. किती वाजता?"

"साडेसहाला. रंकाळा स्टँडवरनं." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. "पोरीला घिऊन या. तिला कुनाकडं ठेवनार? पाळनाघरात मी नसतो उद्या."

मी दानूचे कपडे पिशवीत भरायला घेतले. स्वेटर, पाण्याची बाटली, एक जास्तीची चड्डी.